मेंदूची राखण चाळिशीपासून

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजोबा कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधू लागले की कोणीतरी ही म्हण म्हणतो, सगळे हसतात आणि विषय तिथेच संपतो. म्हणीत थोडे तथ्य आहे. वय वाढले की नावे पटकन ओठांवर येत नाहीत, नवीन गोष्ट शिकायला जरा वेळ लागतो. पण साठी आली म्हणजे बुद्धी जाणारच, असे मात्र मुळीच नाही. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचे, पण जमिनीचे गट नंबर आणि देण्याघेण्याचे हिशेब तोंडपाठ असलेले एखादे आजोबा प्रत्येक गावात असतात. याउलट पासष्टीतच घरचा रस्ता चुकणारे रुग्णही आम्हा डॉक्टरांकडे येतात.

हा फरक कशामुळे पडतो? काही भाग अनुवंशिकतेचा असतो. तो आपल्या हाती नाही. पण बराच भाग रोजच्या सवयींचा असतो. 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२४ साली आपला अहवाल दिला. त्यात स्मृतिभ्रंशाला, म्हणजे डिमेन्शियाला, हातभार लावणारी आणि आपल्याला टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत. ही सर्व दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येईल किंवा पुढे ढकलता येईल, असा समितीचा अंदाज आहे. आपल्या देशात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, हा विकार असावा, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दिसून आले.

या अहवालातली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. १४ पैकी १० कारणे ही मध्यम वयातली आहेत. म्हणजे मेंदूची काळजी साठीनंतर घ्यायची नसून चाळिशीपासून घ्यायची आहे. साठीला टॉनिकची बाटली आणण्यापेक्षा चाळिशीला रक्तदाब मोजून घेणे केव्हाही अधिक उपयोगाचे.

मेंदूचे काम रक्तावर चालते

माणसाच्या मेंदूचे वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त मेंदूकडे जाते. विशेष म्हणजे मेंदूजवळ प्राणवायूचा साठा नसतो. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर चार-पाच मिनिटांतच मेंदूच्या पेशी मरू लागतात.

हे रक्त पेशींपर्यंत नेणाऱ्या शेवटच्या रक्तवाहिन्या अतिशय बारीक असतात. ठिबक सिंचनाच्या नळ्यांची छिद्रे क्षाराने चोंदली की मुख्य पाइप व्यवस्थित असूनही काही झाडे सुकतात. तसेच येथे होते. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि रक्तातील चरबी यांमुळे या बारीक वाहिन्या जाड होतात, बुजतात. मेंदूचा तेवढा लहानसा भाग मरतो. त्यावेळी रुग्णाला काही जाणवतही नाही. अशा लहान लहान जखमा दहा-पंधरा वर्षे साचत जातात आणि मग एके दिवशी घरचे म्हणतात, "यांना हल्ली काही आठवत नाही."

स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमरचा विकार. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याची पहिली माहिती मांडली. त्यात मेंदूत काही विशिष्ट प्रथिने साचतात आणि ती लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचू लागतात. दुसरा प्रकार रक्तवाहिन्या खराब झाल्याने होणारा. वृद्धांमध्ये बरेचदा दोन्ही प्रकार एकत्र असतात. म्हणून रक्तवाहिन्या जपल्या की दोन्हींचा भार हलका होतो. जे हृदयाला चांगले तेच मेंदूला चांगले, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

१) रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका

सर्वांत महत्त्वाची सवय ही. दवाखान्यात दर आठवड्याला ऐकू येणारा संवाद असा असतो :

"काका, बी.पी. १८० आहे. गोळी घेता ना?"

"बंद केली डॉक्टरसाहेब. मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, बी.पी. नॉर्मल आहे."

"अहो, गोळी चालू होती म्हणून नॉर्मल होता."

रक्तदाब वाढलेल्या बहुतेक माणसांना काहीही त्रास होत नसतो. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. त्यामुळे त्रास नाही म्हणजे आजार नाही, असा समज होतो. याच समजापायी अनेक संसार अर्धांगवायूने मोडले आहेत. 'एकदा गोळी सुरू केली की सवय लागते', 'गोळ्यांनी किडनी खराब होते' हे दोन गैरसमजही घरोघरी आहेत. ही व्यसनाची सवय नव्हे. रोग कायमचा आहे म्हणून औषध कायमचे आहे. किडनीचे सर्वाधिक नुकसान ताब्यात नसलेल्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने होते.

गोळ्यांनी मेंदू वाचतो याला आता चांगला पुरावा आहे. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांतील सुमारे ३४ हजार लोकांवर चार वर्षे अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या गावांत तेथील साध्या ग्रामवैद्यांनी चाळिशीपुढील रक्तदाबाच्या रुग्णांना नियमित औषधे दिली, पाठपुरावा केला आणि रक्तदाब कसोशीने उतरवला. उरलेल्या गावांत नेहमीचेच उपचार चालू राहिले. कसोशीने उपचार झालेल्या गावांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी आढळले. तेथे मोठे इस्पितळ नव्हते, महागडे यंत्र नव्हते. गोळी नियमित होती, एवढेच.

मग काय करावे? चाळिशीपुढील प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा रक्तदाब मोजावा. सरकारी दवाखान्यात तो मोफत मोजून मिळतो. आपल्याकडे बायकांचा रक्तदाब शेवटच्या बाळंतपणात मोजलेला असतो, त्यानंतर एकदम पक्षाघात झाल्यावरच! घरातल्या पुरुष मंडळींनी याकडे लक्ष द्यावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू घेऊ नये. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली आणि हात टेबलावर असावा, मोजताना बोलू नये. दवाखान्यात पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्यापेक्षा जास्त येत असेल तर तो वाढलेला समजावा. घरी यंत्र घ्यायचे असेल तर मनगटाचे न घेता दंडाला पट्टा बांधायचे घ्यावे. गोळी घेऊन उठताना चक्कर येत असेल तर गोळी बंद न करता डॉक्टरांना सांगावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते.

मिठाचेही भान हवे. दिवसाला सर्व मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचे, ठेचा, फरसाण, सुके मासे यांतूनही मीठ पोटात जाते. ताटात वरून मीठ घेण्याची सवय सोडली तरी सुरुवात झाली.

२) मधुमेह : जास्त साखर वाईट, फार कमी साखरही वाईट

मधुमेहाने रक्तवाहिन्या खराब होतात हे आता सर्वांना माहीत आहे. साखर दोनदा तपासावी, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. पण दुसऱ्या बाजूकडे दुर्लक्ष होते. रक्तातील साखर एकदम खाली गेली तर मेंदूची उपासमार होते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. वृद्धांमध्ये असे वारंवार झाले तर मेंदूला इजा होते. आषाढी एकादशीचा निर्जळी उपवास आणि सकाळची मधुमेहाची गोळी असा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तो धोक्याचा आहे. उपवास करायचा असेल तर गोळीचे काय करायचे ते आधी डॉक्टरांना विचारावे. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, बटाटा, वऱ्याचे तांदूळ यांनी साखर वर जाते, हेही ध्यानात असू द्यावे.

३) तंबाखू आणि दारू

बिडी-सिगारेट असो, गुटखा असो की मिश्री, निकोटिन रक्तात जाणारच आणि रक्तवाहिन्या आक्रसणारच. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खिशातल्या पुड्या काही थांबलेल्या नाहीत. मिश्री लावणाऱ्या बायका आपण तंबाखू खातो असे मानतच नाहीत. 'दात घासते' म्हणतात. सकाळी, दुपारी आणि झोपताना लावलेली मिश्री ही तंबाखूच आहे. सोडण्याचा फायदा कोणत्याही वयात होतो. दारूबद्दल एवढेच सांगतो की 'थोडी घेतली तर मेंदूला चांगली' या समजाला आधार नाही. जास्त पिणाऱ्याचा मेंदू आकसतो. शिवाय जेवणाचे हाल होऊन जीवनसत्त्व ब-१ कमी पडले की स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

४) चालणे

आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने चालावे. अमेरिकेत १२० ज्येष्ठांवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे असे वर्षभर चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मरणाशी संबंधित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत तो किंचित घटला. अभ्यास लहान आहे, पण दिशा दाखवणारा आहे.

"मी दिवसभर घरात राबते, मला वेगळे चालायला कशाला हवे?" असे बायका विचारतात. घरकामाने अंग दुखते हे खरे, पण सलग दम लागण्याजोगी हालचाल त्यात थोडीच होते. शेतात कष्ट करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना वेगळा व्यायाम नको, वेळेवर जेवण आणि विश्रांती हवी. दुकानात गल्ल्यावर बसणारे, शिक्षक, कारकून, निवृत्त मंडळी आणि घरात असणाऱ्या गृहिणी यांनी मात्र चालायलाच हवे. भाजी आणायला गाडीला किक मारण्याऐवजी पिशवी घेऊन पायी निघावे.

५) कान आणि डोळे

हा मुद्दा बहुतेकांना नवा वाटेल. ऐकू कमी येणे हे स्मृतिभ्रंशाच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. कान अधू झाला की मेंदूला अर्धवट शब्दांवरून अर्थ लावावा लागतो, त्याची शक्ती तिकडेच खर्च होते. शिवाय बोलणे कळत नाही म्हणून माणूस चारचौघांत बसणे टाळतो, एकटा पडतो. घरातलेही 'आजींना सांगून काय उपयोग, त्यांना ऐकू येत नाही' म्हणून बोलणे सोडतात. अशा आजींना 'विसरभोळ्या झाल्या' असे म्हणतात. वास्तविक जे ऐकूच आले नाही ते लक्षात कसे राहणार?

अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या लोकांवर तीन वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली आले. सर्व लोकांचा एकत्र विचार केला तेव्हा श्रवणयंत्राने बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही. पण ज्यांना या घसरणीचा धोका मुळातच जास्त होता, त्यांच्यात ती जवळपास निम्म्याने कमी झाली. म्हणून कानाची तपासणी करून घ्यावी. कित्येकदा नुसता मळ काढला की काम होते. यंत्र लागले तर संकोच करू नये. चष्मा लावायला लाज वाटत नाही, मग कानाच्या यंत्राची का वाटावी? यंत्र आणून कपाटात ठेवण्याचा प्रकारही बराच आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे गोंगाट वाटतो, मग सवय होते. मोतीबिंदूचेही तसेच. 'पिकू द्या, मग काढू' हा काळ गेला. दिसण्यात अडथळा येऊ लागला की शस्त्रक्रिया करून घ्यावी.

६) झोप

रात्री सात तासांची झोप मेंदूची गरज आहे. दिवसभरात शिकलेले, पाहिलेले झोपेत पक्के होते. इंग्लंडमधील सुमारे आठ हजार सरकारी नोकरांचा पंचवीस वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पन्नाशी-साठीत रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत पुढे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जास्त आढळले. उशाशी मोबाईल घेऊन रात्री बारापर्यंत जागणे हे आता तरुणांपुरते राहिलेले नाही, आजी-आजोबाही त्यात आहेत.

जो माणूस मोठ्याने घोरतो, घोरता घोरता मध्येच श्वास थांबतो आणि दचकून उठतो, त्याला 'गाढ झोप लागली' असे समजू नये. त्याच्या मेंदूला रात्रभर प्राणवायू कमी पडत असतो. त्याने तपासून घ्यावे. झोपेच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेणे बंद करावे. त्यांनी वृद्धांची स्मृती मंदावते, तोल जातो आणि पडून हाड मोडते. मात्र वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी एकदम सोडू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. सर्दीसाठी घेतल्या जाणाऱ्या झोप आणणाऱ्या काही गोळ्यांनीही म्हातारी माणसे गोंधळतात.

७) डोक्याला मार

मोटारसायकलवर शिरस्त्राण घालणे ही मेंदूची सर्वांत स्वस्त विमा-पॉलिसी आहे. पोलीस नाक्यापुरते डोक्यावर आणि पुढे हँडलला, असे करू नये. मागे बसणाऱ्यानेही ते घालावे. घरात म्हाताऱ्या माणसांसाठी न्हाणीघरात धरायला दांडी, निसरड्या फरशीवर खरबरीत पट्टी आणि रात्री वाटेत दिवा एवढे करावे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. म्हातारे माणूस पडले, डोक्याला किरकोळ लागले, सर्व ठीक वाटले आणि दोन-तीन आठवड्यांनी ते गोंधळू लागले, सुस्तावले, चालताना झुकू लागले, तर 'वयामुळे' म्हणून सोडून देऊ नये. मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचलेले असू शकते. सी.टी. स्कॅनमध्ये ते दिसते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली तर माणूस पूर्ववत होतो.

८) डोके चालवा आणि माणसांत राहा

बँकेत शिल्लक असली की आजारपणाचा एखादा खर्च निभावतो. तसेच शिक्षण, वाचन, नवनवे कामधंदे यांनी मेंदूत एक शिल्लक तयार होते. रोग आला तरी ती पुष्कळ काळ निभावून नेते. यासाठी फार शिकलेले असण्याची गरज नाही. हैदराबाद येथे ६४८ स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा झाला होता. निरक्षर रुग्णांतही हा फरक दिसला. आपल्या सोलापूर, नांदेड, कोल्हापूरकडे बाजारात मराठीबरोबर कानडी, तेलुगू, उर्दू सहज बोलणारी माणसे आहेत. त्यांनी ती भाषा सोडू नये, नातवंडांनाही शिकवावी.

शब्दकोडे सोडवणे चांगलेच. पण वीस वर्षे तेच करत असाल तर मेंदूला त्याचे कष्ट पडत नाहीत. काहीतरी नवे शिकावे. तबला-पेटी शिकावी, नवा अभंग पाठ करावा, बुद्धिबळ खेळावे, मुलाकडून मोबाईलवर पैसे भरणे शिकून घ्यावे. हिशेब आधी तोंडी करून मग यंत्रावर पडताळावा. पावकी-निमकी पाठ असणाऱ्यांनी ती नातवंडांसमोर म्हणून दाखवावी.

आणि माणसांत राहावे. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी, घरात दोघेच आणि त्यांतले एक गेले की एकटेच, अशी घरे आता तालुक्याच्या गावीही पुष्कळ झाली. एकटेपणा मेंदूला घातक आहे. पारावरच्या गप्पा, भजनी मंडळ, बचत गटाची बैठक, ज्येष्ठ नागरिक संघ, हरिपाठ हे वेळ घालवण्याचे प्रकार नव्हेत, औषधच आहे. मुलांनी आईवडिलांना रोज फोन करावा आणि 'जेवलात का' एवढ्यावर न थांबता गावात काय घडले ते त्यांच्याकडून ऐकून घ्यावे.

टॉनिक आणि बदाम

"डॉक्टर, बुद्धीची एखादी गोळी लिहून द्या ना," अशी मागणी परीक्षेच्या दिवसांत मुलांसाठी आणि एरवी वृद्धांसाठी होते. अशी गोळी नाही. जिंकगो या वनस्पतीच्या अर्काचा मोठा बोलबाला झाला होता. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांना तो किंवा तशीच दिसणारी साधी गोळी देऊन कित्येक वर्षे पाहिले. २००८ साली निष्कर्ष आला की त्याने स्मृतिभ्रंश टळत नाही. बदाम, अक्रोड चांगले, पण परवडत नसतील तर जिवाला लावून घेऊ नये. मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी, पालेभाजी, उसळ, ज्वारीची भाकरी, फळ आणि खाणाऱ्यांनी मासे असा आहार मेंदूला पुरेसा आहे. तळलेले, बेकरीचे आणि वनस्पती तुपातले पदार्थ कमी करावे.

फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १२६० लोकांवर दोन वर्षे प्रयोग झाला आणि २०१५ साली प्रसिद्ध झाला. योग्य आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष या चारही गोष्टी एकत्र दिलेल्या गटाची बुद्धीच्या चाचण्यांतील प्रगती अधिक होती. म्हणजे एकच रामबाण उपाय शोधू नये. थोडे थोडे सगळे करावे.

विसरणे केव्हा साधे, केव्हा रोगाचे?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे साधे. चष्मा डाळीच्या डब्यात ठेवणे आणि सापडल्यावर 'हा कुणाचा' असे विचारणे साधे नव्हे. ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी न आठवता संध्याकाळी आठवणे साधे. तोच प्रश्न अर्ध्या तासात पाच वेळा विचारणे साधे नव्हे. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, सुट्टे पैसे मोजता न येणे, चाळीस वर्षे केलेल्या पुरणपोळीचा क्रम चुकणे, साधे शब्द न सापडणे, शांत माणूस एकदम संशयी किंवा चिडखोर होणे, ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. बरेचदा रुग्ण म्हणतो, 'मला काही झालेले नाही', आणि पत्नी मागून मान हलवत असते. अशा वेळी पत्नीचे ऐकावे.

दाखवायचे ते लवकर, कारण काही विस्मरण बरे होणारे असते. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत आणि मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बरीच आढळते. पायांना मुंग्या आणि विसरभोळेपणा एकत्र असेल तर तिचा विचार करावा. इंजेक्शने किंवा गोळ्यांनी ती भरून निघते. थायरॉईड मंदावणे, नैराश्य, डोक्यात साचलेले रक्त आणि औषधांचे दुष्परिणाम यांवरही उपचार आहेत. जोडीदार गेल्यावर गप्प झालेल्या माणसाला स्मृतिभ्रंश नसून नैराश्य असू शकते. साध्या रक्ततपासण्या आणि गरज वाटल्यास स्कॅन यांतून हे कळते.

ज्यांना हा विकार खरोखरच झाला आहे, त्यांना 'वेड लागले' म्हणू नये. 'आत्ताच तर सांगितले' म्हणून रागावू नये. ते मुद्दाम करत नाहीत. दिनक्रम ठरलेला ठेवावा, खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी, आणि सांभाळणाऱ्या सुनेला किंवा पत्नीलाही आठवड्यातून एखादा दिवस मोकळा द्यावा.

पक्षाघातात वेळ महत्त्वाचा

तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, यांपैकी एक जरी अचानक झाले तरी तो पक्षाघात समजावा. नेमकी वेळ लक्षात ठेवावी, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. गुठळीने झालेला पक्षाघात असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि जितके लवकर तितके चांगले. रुग्णाला पाणी, चहा किंवा कोणतीही गोळी तोंडाने देऊ नये. तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. कबुतराचे रक्त चोळणे, लकव्याचे झाडपाल्याचे औषध आणायला दुसऱ्या तालुक्यात जाणे यांत ते साडेचार तास निघून जातात. काही मिनिटांत सर्व आपोआप ठीक झाले तरी त्याच दिवशी दाखवावे. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असतो.

आता हे सर्व वाचून काय कराल? या आठवड्यात तीनच गोष्टी करा. घरातील चाळिशीपुढील प्रत्येकाचा, विशेषतः बायकांचा, रक्तदाब मोजून घ्या आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा. चालू असलेली गोळी कुणी गुपचूप बंद केली नाही ना, हे पाहा. आणि घरातल्या ज्या वृद्धाला कमी ऐकू येते, त्याचे कान तपासून आणा. बाकीच्या सवयी एकेक करून लावता येतील. मेंदूचे मेलेले पेशीजाल परत उगवत नाही, पण आज शाबूत आहे ते राखणे बऱ्याच अंशी आपल्याच हाती आहे.